सोयरा त्याला ‘तू’ म्हणेल की ‘आपण’? एका अर्धवट निभावलेल्या अनुवादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेतलं. संस्थेचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी तिथे संपादनाचं काम बघायचो. म्हणजे मुद्रितं तपासण्यापासून चित्रकाराच्या घरी खेटे घालण्यापर्यंत सगळंच.

संस्थेला उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कुमारांची साहसकथा-मालिका काढायची होती. हक्क विकत घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं उलटून गेलेली, हक्कमुक्त झालेली इंग्रजी पुस्तकं शोधायची, असं ठरलं. त्याच सुमारास तळेगावच्या बाजूला राहणारे एक निवृत्त इंग्रजी शिक्षक (इथून पुढे नुसतं ‘सर’) एक कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत फुलस्केप कागदांचा गठ्ठा, सुवाच्य अक्षर, दुरुस्त्या हिरव्या शाईत. एक अख्खी कादंबरी मराठीत करून आणली होती.

कादंबरी होती जी. ए. हेंटींची ‘ॲट द पॉइंट ऑफ द बायोनेट’. हेंटी (१८३२–१९०२) मूळचे युद्धवार्ताहर. ॲबिसिनिया, अशांती अशा आफ्रिकेतल्या मोहिमा त्यांनी जवळून पाहिल्या. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५-७६च्या हिंदुस्थान दौऱ्याबरोबरही ते इथे येऊन गेले. मग मुलांसाठी शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिली. बहुतेकांचा साचा एकच: ‘माझ्या प्रिय मुलांनो’ अशी प्रस्तावना, पंधरा-सोळा वर्षांचा धट्टाकट्टा इंग्रज मुलगा, त्याला एखाद्या खऱ्या सेनापतीच्या तंबूत नेऊन सोडायचं आणि शेवटी हुद्दा, पैसा, मायदेश. कधी सेनापती क्लाइव्ह, कधी रॉबर्ट्स. या पुस्तकात मुलूख आपला आहे आणि लढाया इंग्रज-मराठ्यांच्या.

नायक हॅरी लिंडसे तान्हा असताना त्याचे आईबाप मारले जातात. त्याची मराठा आया सोयरा त्याला उचलून आपल्या माणसांत नेते, मराठा पोर म्हणून वाढवते, कळत्या वयात त्याचं खरं कूळ त्याला सांगते आणि शिकायला मुंबईला पाठवते. सोळाव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होतो. पुढे त्याची सगळी चढती कमान एका गोष्टीवर उभी आहे: त्याला मराठी येतं. मराठ्यांत मराठा म्हणून खपून जाता येतं.

सरांना पुस्तक का भावलं, हे त्यांनी पहिल्याच चहात सांगितलं. “अहो, आपल्या दारातून सुरू होतं ते!” राघोबादादांना पुण्याच्या मसनदीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून तळेगावापर्यंत आली, मराठ्यांनी तिची रसद तोडली, आणि जानेवारी १७७९मध्ये वडगावला तिला तह करून मान खाली घालावी लागली, त्या काळाची ही गोष्ट. सर लहानपणापासून वडगावची ती समाधी बघत आलेले. कॅप्टन स्टुअर्टची, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ची. कार्ल्याजवळ पडलेल्या शत्रूच्या माणसाला ‘फाकडा’ म्हणणारा मुलूख आपला, मग त्यांच्या एका पोराची गोष्ट वाचायला काय हरकत आहे, असा त्यांचा बिनतोड वाटणारा सवाल.

प्रकाशकबाईंनी पुस्तक मालिकेत घेतलं. मी होकार दिला. मूळ इंग्रजी मी तेव्हा नुसतं चाळलं होतं, हे आधीच कबूल करतो.

अडचण कुठे निघाली

छापण्याआधी कच्चा मजकूर मुलांपुढे वाचायचा, ही आमची जुनी पद्धत. एका वाचनालयात सहावी ते आठवीची चौदा मुलं जमली. सरांचं वाचन फर्डं. दोन संध्याकाळ मुलं जागची हलली नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी हॅरी वेषांतर करून मुलखात फिरतो तो भाग आला. ओळखला जाण्याची भीती, मागे घोडेस्वार, थोडक्यात निसटणं. हॅरी निसटला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असाव्यात. टाळ्या थांबल्यावर आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “पण सर, मागे लागलेले आपले होते ना?”

सर हसले, म्हणाले, “हो, पण तो नायक आहे ना.” मुलगी गप्प बसली. तिचं समाधान झालेलं नाही, हे तिच्या मानेवरून कळत होतं.

त्या रात्री मी मूळ इंग्रजी आणि सरांचा मजकूर शेजारी ठेवून ओळीनं वाचायला बसलो. मराठे म्हणजे कारस्थानी, ही त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांतली ठरलेली ओळख. या कादंबरीच्या जुन्या जाहिरातीतसुद्धा मराठ्यांचं कारस्थानातलं कौशल्य आणि त्यांची लष्करी ताकद मिळून ते फार धोकादायक ठरतात, असं सांगितलेलं आहे. पण सरांच्या मराठीत असं काही शिल्लकच नव्हतं. ‘नेटिव्ह’चे ‘स्थानिक लोक’ झालेले. दगाबाजीच्या जागी ‘धोरण’. कपटी दरबारी ‘मुत्सद्दी’ झाला होता. सरांनी हे मनापासून, चांगुलपणाने केलं होतं. मुलांच्या हाती विष कशाला द्यायचं, हा त्यांचा विचार.

आणि नेमकं तेच अंगाशी आलं होतं. विशेषणं असती तर मुलांना ती टोचली असती. मूळ इंग्रजी वाचणारा आजचा मराठी मुलगा दुसऱ्या पानावर भुवया उंचावतो, सावध होतो. सरांच्या गुळगुळीत मराठीत सावध व्हायला जागाच नव्हती. पण गोष्टीची चौकट जशीच्या तशी उभी. जीव कोणाचा धोक्यात आहे? हॅरीचा. मनात काय चाललंय ते कोणाचं कळतं? हॅरीचं. दोन्हीकडची भाषा कोणाला येते? हॅरीला. बाकी सगळे म्हणजे त्याच्या वाटेतले खड्डे नाहीतर त्याच्या उपयोगाची माणसं. वाचणारा माणूस धोक्यात असलेल्याच्या मागे पळतो. तो स्वभावच आहे. साम्राज्य त्या पळण्यात आहे. आम्ही शिव्या काढून टाकल्या होत्या आणि पळण्याची वाट झाडून साफ करून दिली होती.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग म्हणजे आहे तसं छापणं. चित्रकाराला आगाऊ रक्कम दिलेली, सुट्टी तोंडावर. बाईंचा कल सुरुवातीला इकडेच होता, आणि धंद्याच्या हिशेबाने तो चुकीचा नव्हता.

पुस्तक रद्द करणं सगळ्यांत सोपं होतं. सरांची दोन वर्षांची मेहनत वाया गेली असती. पण मला खटकलं ते वेगळंच. आपल्या पूर्वजांकडे बघून कोणीतरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पोरांना काय सांगत होतं, हे आपल्या पोरांनी वाचूच नये? या पुस्तकांवर तिकडच्या पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या वाढल्या. त्यातले काही पुढे इथे हुकूम चालवायला आले असतील, तर इथे काय दिसणार हे त्यांना आधीच वाचून ‘माहीत’ होतं.

तिसरी कल्पना बाईंची, आणि टाळ्या घेणारी: गोष्ट उलटवायची. सोयराच्या तोंडून सांगायची. मला ती रात्रभर आवडली. सकाळी लक्षात आलं की ते नवं पुस्तक आहे, त्यावर हेंटींचं नाव टाकता येणार नाही आणि सरांचंही नाही. शिवाय नुसता गणवेश बदलून तेच यंत्र चालवण्यात आपण काही कमी नाही. आपल्याकडच्या कितीतरी ऐतिहासिक किशोर-कादंबऱ्यांतला खलनायक आठवून बघा: दाढी, अत्तर, कपट, आणि तिसऱ्या प्रकरणात विनाकारण खदाखदा हसणं.

चौथा मार्ग रूक्ष होता. मालिकेतून काढून मोठ्या मुलांसाठी, नववीच्या पुढे, स्वतंत्र पुस्तक. निवडक प्रकरणं, भाषा न धुता, आणि प्रकरणांच्या मधे आमची पानं. आम्ही याच्यावर आलो. एकमताने नाही, बाई म्हणाल्या, “हे पुस्तक कोणी विकत घेणार नाही, पण मला नंतर लाजही वाटणार नाही.”

काय केलं

विशेषणं परत आणणं त्यातल्या त्यात सोपं गेलं. सरांना ते जड झालं. एकेक ‘मुत्सद्दी’ खोडून ‘कपटी’ लिहिताना ते म्हणायचे, “माझ्या हाताने लिहायला लावताय हो!” पण लिहिलं.

खरी गाडी अडली ती सोयरापाशी. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की काम भागतं. तान्ह्या पोराला ‘यू’, गव्हर्नरालाही ‘यू’. मराठीत तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं. सरांच्या मजकुरात सोयरा लहानग्या हॅरीला ‘तू’ म्हणत होती, आणि त्याच्या अंगावर कंपनीचा लाल डगला चढला त्या पानापासून ‘साहेब, आपण’. मी विचारलं, हे कुठून आलं? सर म्हणाले, “अहो, अधिकारी झाला तो आता. ती आया.” मी म्हटलं, आया कागदोपत्री, वाढवलंय तिनेच ना? आम्ही तास-दीड तास वाद घातला. कंपनीच्या राज्यात गोऱ्या अधिकाऱ्याला नेटिव्ह बाई चारचौघांत ‘तू’ म्हणू धजली असती का? नसती बहुधा. घरात, दार लावून? तिथे काय?

काकू (सरांच्या पत्नी) शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पोराला कोणी ‘आपण’ म्हणतं का? तुमचा मुलगा बँकेत साहेब झाला, मी म्हणते का त्याला अहो?”

वाद तिथेच संपला. सोयरा शेवटपर्यंत ‘तू’च म्हणणार, लोकांसमोर जीभ चावून ‘साहेब’ म्हणणार, आणि एकांतात परत ‘आरं, जेवलास का?’ हे मुळात नाही. मुळाने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता, विचारायची त्याला गरज नव्हती. पण मराठीत उत्तर न देता पुढे जाता येत नाही. ‘आपण’ लिहिलं असतं तर तेही उत्तरच झालं असतं, फक्त आम्ही दिलंय हे कोणाच्या लक्षात आलं नसतं. म्हणून मनोगतात हा निर्णय सरळ लिहून टाकला.

मग उलट बाजू. तो तिला काय म्हणणार? गावातल्या प्रकरणांत ‘आई’, याबद्दल दुमत नव्हतं. मराठा पोर म्हणून वाढलेला मुलगा दुसरं काय म्हणेल. मुंबईहून परतल्यावर मात्र मी ‘सोयरा’ सुचवलं. एकाच हाकेत किती अंतर पडलं ते वाचणाऱ्याला आपोआप कळेल, असं माझं म्हणणं. सरांना ते पटलं नाही. ते म्हणाले, हा पोराला वाईट ठरवायचा डाव झाला. शेवटी माझं चाललं. याबद्दल पुढे बोलतो.

बोलीचाही गोंधळ होताच. पहिल्या खर्ड्यात सगळेच सदाशिव पेठेतलं मराठी बोलत होते, सोयरासुद्धा. मग वेषांतराला अर्थ काय उरला? तोतया म्हणून खपायचं तर आवाजात फरक ऐकू यायला हवा. शेवटी असं केलं: सोयरा आणि गावकरी मावळी वळणाचं बोलतात, लहानपणी हॅरीही तसंच. कंपनीच्या अधिकाऱ्यांशी तो बोलतो ते ताठ, पुस्तकी, इस्त्री केलेलं मराठी. ते इंग्रजी आहे असं वाचणाऱ्याने समजायचं. शत्रूच्या मुलखात हेरगिरी करताना तो पुन्हा आईच्या बोलीत शिरतो. ही युक्ती छापून आल्यावर वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. सोयराने भरवलेला एकेक शब्द तिच्याच लोकांवर वापरला जात होता, आणि ते आता कानाला कळत होतं.

मधली पानं तीन ठेवली. वडगावच्या प्रकरणाआधी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला (राज्यकारभारावरच्या ग्रंथातला) टोपीकरांविषयीचा, म्हणजे युरोपियनांविषयीचा भाग, आजच्या मराठीत. हे लोक सावकार म्हणून येतात खरे, पण इतर सावकारांसारखे नव्हेत. यांच्या पाठीशी राजे आहेत आणि राजांना जागेचा लोभ नसतो असं कधी होत नाही, असा त्याचा आशय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं हे लिखाण, म्हणजे वडगावच्या साठेक वर्षं आधीचं. हेंटींच्या मराठ्यांना कारस्थान कळतं, धोरण कळत नाही. हे एक पान त्याला पुरेसं होतं.

दुसरं पान असईच्या लढाईचं. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यातलं गाव. कादंबरीच्या साच्यात हा गोऱ्यांचा मराठ्यांवरचा विजय. पण इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पायदळात गोऱ्या पलटणी दोनच, ७४वी आणि ७८वी हायलँडर. बाकीचे मद्रासचे शिपाई. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन. हे वाचल्यावर ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ नीट वाटून घेता येत नाहीत. नववीच्या मुलांना या अडचणीत टाकायला हरकत नसावी.

तिसरं पान हेंटींचंच. ते कोण, कोणासाठी लिहीत होते, आणि ही कादंबरी आली त्याच, १९०१च्या सुमारास लाहोरच्या गल्लीत वाढलेल्या आयरिश पोराची किपलिंगची ‘किम’ही आली, एवढंच. गोरं पोर, इथली भाषा, इथला वेष, आणि तिकडची चाकरी. दोन पुस्तकं जवळजवळ एकदम आली म्हणजे मागणी असणार.

निष्पत्ती

पुस्तक सुट्टी उलटून गेल्यावर, पावसाळ्यात आलं. ५०० प्रती काढल्या. बाईंचं भाकीत बरंचसं खरं ठरलं. एका शाळेने प्रती परत पाठवल्या. कारण मुखपृष्ठावर लाल डगल्यातला गोरा मुलगा होता आणि मागे पळणारे मावळे. चित्र जुन्या, मालिकेसाठी काढलेल्या आवृत्तीचं. आतलं पुस्तक बदललं आणि चित्राकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. मुखपृष्ठ नेमकं तेच सांगत होतं जे आतल्या तीन पानांनी खोडून काढायचं होतं. शाळेचं काही चुकलं नाही.

दुसरीकडे, एका महाविद्यालयातल्या अनुवादाच्या वर्गाने सोयराच्या ‘तू’वर दोन तासिका घातल्या, असं तिथल्या प्राध्यापकांनी कळवलं. आणि वाचनालयातली ती आठवीतली मुलगी. आता दहावीत होती. तिला एक प्रत दिली. महिन्याभराने भेटली तेव्हा म्हणाली, आधीचं जास्त मजेदार होतं. खरं आहे ते. मजा कमी झाली होती, आणि ती कमी होणारच होती. पण मी तिला तसं म्हणालो नाही. नुसतं “हो का” म्हणून हसलो. थांबून बोलायला हवं होतं.

आज करायचं झालं तर

मूळ आधी वाचीन. हे लिहायला लाज वाटते, पण सगळ्या घोळाचं मूळ तिथेच आहे. अनुवाद सुबक आहे म्हणून मूळही ठीक असेल, असं मी धरून चाललो.

मुलांपुढचं वाचन करार करण्याआधी करीन, चित्रकाराला पैसे देण्याआधी तर नक्कीच. आणि त्या मुलीच्या प्रश्नाला “तो नायक आहे ना” यापेक्षा बरं उत्तर तयार ठेवीन. किंवा उत्तर न देता उरलेल्या तेरा जणांना विचारीन.

मधली पानं कमी वाटतात. मराठ्यांच्या बाजूची साधी, घरगुती पत्रं वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त आहेत, पटवर्धन सरदार मंडळींचा पत्रव्यवहार. आज्ञापत्र भारदस्त आहे, पण ते राज्याचं बोलणं. पोराच्या गोष्टीसमोर कोणातरी माणसाचं पत्र हवं होतं, ज्यात रसद, पाऊस, घोड्याचा आजार असं काहीबाही असतं. तिथे धोक्यात असलेला जीव दुसऱ्या बाजूचाही दिसला असता.

आणि ती हाक. हॅरी मुंबईहून परतून सोयराला नावाने हाक मारतो, त्या जागी मी जिंकलो खरा. पण तेव्हा मी अनुवादक नव्हतो, निवाडा देणारा झालो होतो. ‘आई’च ठेवलं असतं तर? आई म्हणत म्हणत तिच्या मुलखावर चालून जाणारा मुलगा कदाचित जास्त भयानक झाला असता. सर अजूनही म्हणतात तिथे ‘आई’च हवं. स्वतःच्या प्रतीत त्यांनी हिरव्या शाईने प्रत्येक ठिकाणी तसं करूनही घेतलंय.